गोव्याच्या मोपा-दाबोळी विमानतळांवर परदेशी विमानाआधीची चौकशी : कोण विचारतं, काय विचारतं, का विचारतं

वाळवंटीकाठ

सांखळीच्या बाजारात आमचं पासपोर्ट-व्हिसाचे फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. आखातात निघालेले, बोटीवर चाललेले, लेकीकडे लंडनला जाणारे आईवडील, सगळे समोरच्या खुर्चीवर बसून जातात. फॉर्म भरताना कोणी घाबरत नाही. धास्ती असते ती विमानतळाची. "काय विचारतील? हिंदीत विचारतील का? उत्तर आलं नाही तर घरी पाठवतील?" हे इतक्या वेळा ऐकलंय की एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं. जाणकारांनी भर घालावी.

तिथे विचारणारा प्रत्येकजण एकाच खात्याचा नसतो, हे आधी लक्षात घ्या. दारावर सीआयएसएफचा (केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा) जवान तिकीट आणि पासपोर्ट बघतो, चेहरा जुळवतो आणि सोडतो. १९९९ च्या डिसेंबरात कंदाहारचं अपहरण झालं, त्यानंतर २००० पासून एकेका विमानतळाची सुरक्षा या दलाकडे येत गेली. तुमच्या नोकरीशी, पगाराशी त्या जवानाला काही देणंघेणं नसतं. मग विमान कंपनीचा काउंटर. तिथली मुलगी व्हिसा आणि परतीचं तिकीट मागते, कारण कागद अपुरे असलेला प्रवासी पलीकडे उतरला तर दंड कंपनीला बसतो आणि त्याला परत आणायची जबाबदारीही कंपनीवरच येते. त्यानंतर इमिग्रेशन, म्हणजे केंद्रीय गृहखात्याचा ब्युरो ऑफ इमिग्रेशन. खरी चौकशी इथे होते. पुढे कस्टम्स, आणि शेवटी पुन्हा सीआयएसएफची झडती.

पूर्वी भारतीय प्रवाशाला देश सोडताना एक कार्ड भरावं लागायचं. १ जुलै २०१७ पासून ते बंद झालं. कुठे चाललात, कशासाठी चाललात, हे आपण तेव्हा कागदावर लिहीत होतो. आता अधिकारी तोंडी विचारतो, म्हणून लोकांना वाटतं की आपल्याला मुद्दाम अडवलं. तसं नाही.

"मोपावर जास्त कडक आहेत, दाबोळी बरं" असं बरेचजण म्हणतात. दाबोळीचा तळ नौदलाचा आणि मोपाचा विमानतळ खासगी कंपनी चालवते (विमानं जानेवारी २०२३ पासून), एवढाच फरक. इमिग्रेशनचे नियम दोन्हीकडे तेच.

आता ज्यासाठी हा धागा काढला ते सांगते.

माझ्या मावसबहिणीचा मुलगा, वाळपईकडचा. नववीपर्यंत शाळा, मग आयटीआयला वेल्डर. वेल्डरच्या ट्रेडला आठवी पासवर प्रवेश मिळतो, त्यामुळे हात तयार असलेली पण दहावी नसलेली पुष्कळ मुलं त्यात आहेत. एका एजंटने त्याला दुबईचा व्हिजिट व्हिसा काढून दिला आणि पढवून ठेवलं की काउंटरवर "फिरायला चाललोय" म्हण, बाकी बोलू नकोस. पोरगा इमिग्रेशनला उभा राहिला. अधिकाऱ्याने हॉटेलचं बुकिंग मागितलं, त्याने दाखवलं. हॉटेल कुठल्या भागात आहे? माहीत नाही. काय काय बघणार? "बुर्ज खलिफा." आणखी? गप्प. रजा कुठून घेतली? गप्प. मग अधिकाऱ्याने हातातली बॅग उघडायला सांगितली. आत एका प्लॅस्टिकच्या पिशवीत लोखंडी टोकाचे सेफ्टी शूज आणि चामड्याचे हातमोजे. वेल्डरचे हातमोजे कोणालाही ओळखू येतात, ठिणग्यांनी काळे पडलेले असतात. अधिकारी आवाज न चढवता म्हणाला, "खरं सांग, कोणी पाठवलं?" पोराला रडू आलं. त्याला ऑफलोड केलं, म्हणजे विमानात चढूच दिलं नाही. पहाटे त्याचा बाप मोटारसायकल घेऊन आणायला गेला.

घरच्यांनी अधिकाऱ्याला शिव्या घातल्या. मला मात्र त्या अधिकाऱ्याचे उपकार वाटतात. कायदा काय आहे ते बघा. १९८३ च्या इमिग्रेशन... नाही, उत्प्रवासन कायद्यानुसार (एमिग्रेशन ॲक्ट) ज्याच्या पासपोर्टवर ईसीआर (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) छापलेलं आहे, त्याला ठरावीक १८ देशांत नोकरीला जायचं असेल तर प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. आखातातले सगळे देश त्यात येतात, शिवाय मलेशिया, इंडोनेशिया, थायलंड, जॉर्डन, लेबनॉन, इराक वगैरे. दहावी पास असाल तर ईसीआर लागत नाही. पासपोर्टात ईसीआर हा शब्दच नसेल, तर (नर्सेस सोडून) तुम्ही मंजुरीच्या अटीतून मोकळे आहात. मंजुरी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवरून होते. मालक कोण, पगार किती, राहायची सोय काय, हे सगळं करारात नोंदलं जातं, आणि प्रवासी भारतीय विमा योजनेचा १० लाखांचा विमाही काढावा लागतो. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये. व्हिजिट व्हिसावर गेलेल्याकडे यातलं काहीच नसतं. मालकाने पासपोर्ट काढून घेतला, पगार दिला नाही, उंचावरून पडून कंबर मोडली, तर तो तिथे कामगार म्हणून कोणाच्याच नोंदीत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. काउंटरवर अडतात ती माणसं कागदाने कमी आणि पढवलेल्या उत्तराने जास्त अडतात. जो नोकरीला चाललाय त्याने नोकरीला चाललोय म्हणावं आणि त्याचे कागद आधी करावेत. "असं सांग, तसं सांग" म्हणणारा एजंट दिसला की तिथूनच मागे फिरावं.

आमच्या त्या भाच्याचं पुढे नीट झालं. नोंदणी असलेल्या एजंटकडून मंजुरी घेऊन तो मस्कतला गेला. त्या वेळी इमिग्रेशनला विचारलं, "क्या काम करोगे?" म्हणाला, "वेल्डिंग." कागद बघितले, शिक्का मारला.

---

मांद्रेची लेक

धागा फार उपयोगी आहे ताई. माझी आई पुढच्या महिन्यात बहिणीच्या बाळंतपणाला इंग्लंडला चालली आहे, एकटीच. दोह्याला विमान बदलायचं आहे. तिला मराठी-कोंकणी येतं, हिंदी समजतं पण बोलताना अडखळते, इंग्रजी नाही. तिला काय काय विचारतील? आणि तिथे उतरल्यावर?

---

दर्यावर्दी वास्को

बोटीवाल्यांचं मी सांगतो. गोव्यात घरटी एक तारवटी असतो म्हणतात, आमच्या वाड्यावर तरी खरंच आहे.

शिप जॉइन करायला जाताना इमिग्रेशनचे प्रश्न ठरलेले असतात : शिपचं नाव काय, कुठल्या बंदरात जॉइन करणार, कंपनी कुठली, कॉन्ट्रॅक्ट किती महिन्यांचं, रँक काय. हे पाचही तोंडपाठ हवेत. जॉइनिंग लेटरवर एक बंदर आणि तुमच्या तोंडी दुसरं, असं झालं की पुढचा अर्धा तास गेलाच. शिप मधेच मार्ग बदलते, एजन्सी नवं पत्र मेल करते आणि पोरगं जुनंच प्रिंट हातात धरून उभं असतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. निघायच्या दिवशी दुपारी एजन्सीला फोन करून शेवटचं पत्र मागवून घ्या आणि कागदावर छापून ठेवा. मोबाईल बंद पडला तर काय दाखवणार?

सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक), पासपोर्ट, करार, मेडिकल, पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड आणि लागत असेल तिथे ओके टू बोर्ड (विमान कंपनीची चढू देण्याची संमती), हे सगळं एका पारदर्शक फोल्डरमध्ये हातात ठेवायचं. चेक-इनच्या बॅगेत सीडीसी टाकून नंतर काउंटरवर डोक्याला हात लावणारेही असतात.

एजन्सीकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल परवाना (खलाशी भरतीचा) आहे का, ते आधीच बघा. परवाना नसलेल्या माणसाने "शिपवर लावतो" म्हणून पैसे घेतले आणि टुरिस्ट व्हिसावर पाठवलं, तर वाळवंटीकाठ ताईंच्या भाच्यासारखंच होणार. फरक इतकाच की इथे रक्कम लाखांत असते.

आणखी एक. बोटीवर काहीजण सॅटेलाईट फोन वापरतात. थुराया, इरिडियमची यंत्रं परवान्याशिवाय भारतात आणायला बंदी आहे. गोव्याच्या विमानतळांवर परदेशी पाहुणे असल्या जीपीएस-सॅटेलाईट यंत्रापायी पोलिसांपर्यंत पोचल्याच्या बातम्या आल्या होत्या. तुमच्या सामानात कोणी मित्राने असलं काही टाकलं असेल तर बाहेर काढा.

---

आडवाटेचा

मला हा सूर पटत नाही, स्पष्ट बोलतो.

"विचारणारा तुमच्या भल्यासाठी विचारतो" हे कागदावर खरं आहे. मी त्याच रांगेत उभा राहून बघितलंय. टाय लावलेल्या माणसाला "सर, पर्पज ऑफ व्हिजिट?" आणि मागच्या मजुराला "ए, इधर आ, पेपर दिखा." एकच अधिकारी, दोन मिनिटांच्या अंतराने. मजुराला हिंदी नीट कळत नाही म्हणून आवाज आणखी चढतो. सत्तरी तालुक्यातला किंवा काणकोणातला माणूस आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसतोय, हातात घामाने ओला झालेला पासपोर्ट आहे, त्याच्याशी चार शब्द कोंकणीत किंवा मराठीत बोलायला काय हरकत आहे? गोव्याच्या विमानतळावर गोव्याची भाषा बोलणारा एक माणूस त्या काउंटरजवळ का नसावा? कुठल्या प्रवाशाला कुठले कागद लागतात याची पाटी कोंकणी आणि मराठीत दारातच का लावत नाहीत?

एजंट चोर आहेत, मान्य. पण एजंटचं फावतं, कारण सरळ मार्ग कसा असतो हे त्या पोराला कोणी सांगितलेलंच नसतं.

---

वाळवंटीकाठ

आडवाटेचा, तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पाटीचं तर नक्कीच. मी फक्त उत्तरांबद्दल लिहिलं, वागणुकीचं समर्थन केलेलं नाही. अपमान सहन करा असं मी कोणालाच सांगणार नाही. पण वागणूक सुधारेपर्यंत आपल्या पोरांनी खोटं बोलून अडकू नये, हेही तितकंच महत्त्वाचं आहे ना?

मांद्रेची लेक, तुमच्या आईबद्दल रात्री सवडीने लिहिते. एका ओळीत होण्यासारखं नाही.

---

पर्वरीची वकील

अधिकारांचं थोडं लिहिते, कारण दोन्ही बाजूंनी गैरसमज दिसतात.

परदेशी जाणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने मनेका गांधी खटल्यात १९७८ साली पक्कं केलं. म्हणजे तुम्हाला थांबवायचं तर कायद्याचा आधार आणि न्याय्य पद्धत लागते. पण याचा अर्थ अधिकारी प्रश्नच विचारू शकत नाही असा नाही. "मी उत्तर देणार नाही, माझा हक्क आहे" असं काउंटरवर म्हणून काही मिळत नाही, विमान सुटतं.

ऑफलोड केलं तर कारण शांतपणे विचारा, लेखी मागा. अधिकाऱ्याची नेमप्लेट बघा, वेळ आणि काउंटर नंबर लिहून ठेवा, बोर्डिंग पास फेकू नका. नंतर तक्रार किंवा याचिका करायची तर याच गोष्टी उपयोगी पडतात. आपलं खंडपीठ पर्वरीत आहे, मुंबईला धावायची गरज नाही.

लुकआऊट सर्क्युलरचा, म्हणजे एखाद्याला देशाबाहेर जाताना अडवा अशा सूचनेचा, प्रकार वेगळा. पोलीस, ईडी, आयकर यांसारख्या यंत्रणेच्या विनंतीवरून ते निघतं आणि बहुतेकांना आपल्या नावावर ते आहे हे काउंटरवरच कळतं. त्या वेळी इमिग्रेशनवाल्याशी भांडून उपयोग नाही, त्याने ते काढलेलं नसतं. कोणत्या यंत्रणेच्या सांगण्यावरून आहे एवढं विचारून घ्या आणि वकील गाठा. कर्ज थकलेल्यांच्या बाबतीत एक निकाल माहीत असू द्या : सार्वजनिक बँकांच्या प्रमुखांना असं सर्क्युलर मागण्याचा जो अधिकार दिला होता, तो मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये रद्द ठरवला.

कस्टम्सच्या अंगझडतीबद्दल बायकांनी हे जरूर वाचावं. १९६२ च्या कस्टम्स कायद्याच्या १०२ व्या कलमानुसार, तुम्ही मागणी केलीत तर झडतीआधी तुम्हाला राजपत्रित कस्टम्स अधिकाऱ्यासमोर किंवा मॅजिस्ट्रेटसमोर नेलंच पाहिजे. आणि स्त्रीची झडती फक्त स्त्रीनेच घ्यायची, त्याला अपवाद नाही. सीआयएसएफकडेही बायकांची तपासणी पडद्याआड महिला जवानच करते. मंगळसूत्र काढा असं कोणी म्हटलं तर "गरज आहे का?" असं विचारा. बहुतेकदा हातातल्या यंत्राने काम भागतं.

---

शारजावासी

सामानामुळे होणारी चौकशी कोणी लिहिली नाही अजून. ती सगळ्यांत वाईट, कारण माणूस निर्दोष असतो आणि तरी अडकतो.

खसखस! आपल्या शाकुतीत, म्हणजे गोव्याच्या मसालेदार रश्शात, खसखस असते. सासूबाईंनी प्रेमाने मसाला भाजून, कुटून, डबा भरून दिलेला असतो, वर सुटी खसखसही पुडीत बांधून. अमिरातीत, सौदीत, कतारात खसखस अमली पदार्थ म्हणून धरतात, कारण ती अफूच्या बोंडातली. तिथे कस्टम्सला "मसाला आहे हो" सांगून सुटका होत नाही, तुरुंगापर्यंत प्रकरण गेलेलं आहे लोकांचं. गोव्यात निघताना कदाचित कोणी काहीच म्हणणार नाही, आणि म्हणूनच लोक गाफील राहतात. इथे येणाऱ्या प्रत्येकाला मी हात जोडून सांगते, शाकुतीचा मसाला बिनखसखशीचा करून आणा.

औषधांचंही तेच. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रामाडोलसारख्या दुखण्याच्या गोळ्या, काही झोपेच्या गोळ्या. आपल्याकडे डॉक्टर सहज लिहून देतात, इथे त्या नियंत्रित यादीत आहेत. अमिरातीच्या सरकारची परवानगी निघण्याआधी ऑनलाईन घेता येते. चिठ्ठी, डॉक्टरांचं पत्र आणि मूळ पाकीट सोबत ठेवा. गोळ्या काढून प्लॅस्टिकच्या डबीत भरू नका, तशा सुट्या गोळ्यांवरच संशय आधी येतो.

चोरीस (गोव्याचं डुकराच्या मांसाचं सॉसेज) सौदी आणि कुवेतला नेऊ नका. दारूही नाही, एक थेंबसुद्धा नाही.

---

नाइटशिफ्ट

मी बरीच वर्षं विमानतळावर ग्राउंड स्टाफमध्ये होतो. सामानाचं आणखी थोडं.

चेक-इनची बॅग पट्ट्यावर गेली की तिचा एक्स-रे होतो. काही दिसलं की प्रवाशाला नावाने बोलावतात. बिचारे घामाघूम होऊन येतात, त्यांना वाटतं अटकच झाली. दहापैकी बहुतेक वेळा आत पॉवर बँक असते. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच न्यायची, चेक-इनमध्ये चालत नाही, लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते म्हणून.

दुसरं, सुकं खोबरं. गोवेकर आणि कोकणातले लोक वाटीवर वाटी बांधून नेतात. सुक्या खोबऱ्यात तेल असतं, ते आपोआप तापून पेटू शकतं, म्हणून धोकादायक मालाच्या यादीत आहे आणि चेक-इन बॅगेत मनाई आहे. खोबरं काढून ठेवायला सांगितलं की भांडणं होतात. आजीने दिलेलं असतं ना. कचऱ्याच्या पिंपात वाट्या टाकताना रडलेली माणसं मी बघितली आहेत. घरीच ठेवा, तिकडच्या दुकानात मिळतं.

कोकमाचं आगळ, तोरांचं लोणचं, तूप हे सगळं द्रव धरतात. केबिनमध्ये १०० मिलीपेक्षा मोठी बाटली चालत नाही, अर्धी रिकामी असली तरी. चेक-इनमध्ये नीट सील करून घाला. खोबरं खवायची विळीसुद्धा चेक-इनमध्येच. फेणी इंग्लंडला वगैरे न्यायची तर दुकानातली सीलबंद बाटली चेक-इनमध्ये घाला. २४ ते ७० टक्के अल्कोहोल असलेली दारू माणशी ५ लिटरपर्यंत चालते. गावच्या भट्टीवरची प्लॅस्टिकच्या बाटलीत भरलेली नाही.

आणि कृपा करून "बॅगेत बॉम्ब नाही ना?" असले विनोद रांगेत करू नका. ऐकणाऱ्याला ते गंभीरपणे घ्यावंच लागतं.

---

सासष्टीकर

पोर्तुगीज पासपोर्टवाल्यांसाठी.

१९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेले आणि त्यांची मुलं-नातवंडं लिस्बनला जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व घेतात, हे सगळ्यांना माहीत आहे. आमच्या घरातही आहे. पण आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही. परदेशी नागरिकत्व स्वतःहून घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं. तरीही काहीजण दोन्ही पासपोर्ट बाळगतात. गोव्यातून भारतीय पासपोर्टवर निघायचं आणि लंडनला पोर्तुगीज पासपोर्ट काढायचा. इमिग्रेशनला हा प्रकार पाठ आहे. व्हिसा नसलेला भारतीय पासपोर्ट दाखवून कोणी इंग्लंडला निघाला की पुढचा प्रश्न ठरलेला : "दुसरा पासपोर्ट कुठे आहे?" तिथून प्रकरण पासपोर्ट कायद्यावर जातं.

रीतसर मार्ग म्हणजे भारतीय पासपोर्ट सरेंडर करायचा, ओसीआय कार्ड (परदेशस्थ भारतीय नागरिकाचं) घ्यायचं, आणि भारतात असतानाच नागरिकत्व बदललं असेल तर निघण्याआधी एफआरआरओकडून (परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाकडून) एक्झिट परमिट काढायचं. वेळ लागतो, खर्च होतो. पण इंग्लंडमधल्या स्विंडनला नोकरी लागलेल्या माझ्या भाच्याने हे सगळं करून घेतलं आणि आज तो ताठ मानेने चतुर्थीला येतो-जातो.

ब्रेग्झिटनंतर नुसता पोर्तुगीज पासपोर्ट इंग्लंडात नोकरीला पुरत नाही, हेही इथे बऱ्याच जणांना अजून कळलेलं नाही. ३१ डिसेंबर २०२० पर्यंत जे तिथे राहत होते त्यांच्यासाठी सेटलमेंट योजना होती. आता नव्याने जाणाऱ्याला नोकरीसाठी व्हिसा लागतो. एजंट हे सांगत नाहीत.

---

शाळामास्तर

थायलंडबद्दल मुद्दाम लिहितो. माझे जुने विद्यार्थी जातात, त्यामुळे काळजी वाटते.

भारतीयांना थायलंडला पर्यटनासाठी व्हिसा लागत नाही, म्हणून वाट सोपी झाली. "डेटा एंट्रीची नोकरी, बँकॉकला, पगार लाखात" असे मेसेज टेलिग्रामवर फिरतात. बँकॉकला उतरलेल्या मुलाला गाडीत घालून सीमेपलीकडे म्यानमारमधल्या म्यावाडी भागात नेतात आणि कुंपणाच्या आत ऑनलाईन फसवणुकीचं काम करायला लावतात. लाओस आणि कंबोडियातही तेच. मार्च २०२५ मध्ये थायलंडच्या मे सोटहून हवाई दलाच्या विमानांनी पाचशेहून अधिक भारतीयांना सोडवून आणलं.

म्हणून एकट्या तरुण मुलाला बँकॉकच्या विमानाआधी दहा प्रश्न विचारले तर मला राग येत नाही. खर्चाला पैसे किती, हॉटेल कुठे, परत कधी, सोबत कोण. खऱ्या पर्यटकाला ही उत्तरं द्यायला दोन मिनिटं लागतात.

---

आडवाटेचा

मास्तर, या बाबतीत तुमच्याशी सहमत. मी फक्त "ए, इधर आ" बद्दल बोलत होतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

---

परिचारिका

नर्सेसनी लक्षात ठेवावं. आपला पासपोर्ट ईसीआर नसला तरी या १८ देशांत नोकरीला जाताना ई-मायग्रेटची मंजुरी लागते, २०१५ पासून. माझ्या बॅचमधली एकजण "मी तर पदवीधर, मला कसली मंजुरी" म्हणत निघाली होती, तिला इमिग्रेशनने परत पाठवलं. भरतीही ठरवून दिलेल्या सरकारी संस्थांमार्फतच करायची असते. खासगी माणसाला पैसे देऊ नका.

---

वाळवंटीकाठ

मांद्रेची लेक, आता तुमच्या आईचं.

गोव्यात इमिग्रेशनला तिला विचारतील : कुठे, कोणाकडे, किती दिवस. तिने "बेटी के पास, लंडन, तीन महिने" एवढं मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं तरी पुरतं. आधी घरी सराव करून घ्या, पण उत्तरं पाठ करून घेऊ नका. खरं आहे तेच सांगायचं असल्यामुळे आठवावं लागत नाही. व्हीलचेअर मागवा, चालता येत असलं तरी. दोह्यात गेट शोधण्याची चिंता जाते आणि सोबत एक माणूस राहतो.

इंग्लंडला उतरल्यावरचा प्रश्न जास्त नाजूक आहे. व्हिजिटर व्हिसावर कुटुंबाला भेटायला, नवं बाळ बघायला, घरात हातभार लावायला हरकत नाही. पण "बाळ सांभाळायच्या कामाला आलेय" असं कानावर पडलं तर अधिकाऱ्याला ती नोकरी वाटू शकते. तिने "लेकीचं बाळंतपण आहे, भेटायला आलेय" म्हणावं, जे खरंच आहे. बहिणीकडून इंग्रजीत एक पत्र मागवून घ्या : नाव, पत्ता, फोन, बाळंतपणाची तारीख, आई कधी परत जाणार, खर्च कोण करणार. परतीच्या तिकिटाची प्रत त्या पत्रालाच टाचून द्या. साखरेच्या, रक्तदाबाच्या गोळ्या चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत. इन्सुलिन असेल तर तेही, चिठ्ठी दाखवली की चालतं.

अंगावरचे दागिने जास्त असतील तर निघताना कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घेता येतं. परत येताना "हे तिकडून आणलं का?" हा प्रश्न त्याने मिटतो. दागिन्यांचे फोटो आणि सोनाराचं मूल्यांकन बरोबर न्या, आणि त्यासाठी वेळ हातात ठेवा. भारतीय नोटा २५,००० रुपयांपर्यंतच नेता येतात.

---

मांद्रेची लेक

ताई, खूप धीर आला. आईला वाचून दाखवलं. एक्स्पोर्ट सर्टिफिकेटचं माहीतच नव्हतं, ती पाटल्या घालूनच जाणार होती.

---

दोडामार्गकर

आम्ही गोव्याच्या हद्दीबाहेरचे, पण विमान मोपाचंच. माझा भाऊ आठवी पास आहे, जेसीबी चालवतो. एजंट कुवेतचा वर्क व्हिसा देतो म्हणतोय, ९० हजार मागतोय, ४० आधी. पासपोर्टही त्याच्याकडे ठेवायला सांगतोय. काय करावं?

---

वाळवंटीकाठ

दोडामार्गकर, पैसे देऊ नका आणि पासपोर्ट तर अजिबात देऊ नका. व्हिसासाठी लागतील त्या पानांची झेरॉक्स द्या. मूळ पासपोर्ट द्यावाच लागला तर सही-शिक्क्याची पोच घ्या.

नोंदणी असलेला एजंट कामगाराकडून ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेऊ शकत नाही. ९० हजार मागतोय म्हणजे तो एक तर नोंदणीकृत नाही किंवा नियम मोडतोय. ई-मायग्रेटच्या साईटवर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे, त्यात त्याचं नाव आणि परवाना क्रमांक शोधा. सापडला नाही तर विषय संपला. सापडला, तर त्याला सांगा की आम्हाला मालकाचा करार आणि एमिग्रेशनची मंजुरी बघायची आहे, पैसे त्यानंतर आणि पावतीवर. भाऊ आठवी पास म्हणजे त्याचा पासपोर्ट ईसीआर असणार, कुवेत यादीत आहे, त्यामुळे मंजुरीशिवाय मोपावरून तो पुढे जाणार नाही.

मंगळवार सोडून कधीही दुकानात या, यादी एकत्र बघू. येताना भावाचा पासपोर्ट, आठवीचा दाखला, जेसीबीचं लायसन्स आणि एजंटने पाठवलेले व्हॉट्सॲप मेसेज आणा. मेसेज पुसू नका, नंतर तक्रार करायची झाली तर तेच कामाला येतील. आणि एजंटने तोंडी सांगितलेला पगार व करारावरचा पगार एकच आहे का, ते भावाला आजच विचारून ठेवा.